दूरच्या पडद्याचा इतिहास



आजच्या भाषणाचा विषय नवा आहे. त्याचीं मुळें मात्र बरींच मागें गेलेलीं आहेत. एका ठिकाणीं बसून दुसऱ्या ठिकाणच्या संगणकाचा पडदा पाहावा, आणि मुभा असल्यास तो संगणक आपल्या हातानें चालवावा, या सोयीला रिमोट डेस्कटॉप असें नांव पडलें आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यांतील पुष्कळ घरांत आज ही सोय रोजच्या वापरांतली झाली आहे. जेवणें आटोपल्यावर मुलगी आपल्या खोलींत बसून चाकणच्या कारखान्यांतील यंत्राचे आंकडे पाहते. सून हिंजवडीच्या कचेरींतील संगणक घरच्या मेजावरून चालविते. आजोबांचा मोबाइल कोठें अडला, तर परगांवचा नातू त्याचा पडदा पाहून कोणती खूण दाबावी तें सांगतो. सोय इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कोठून आली, कोणीं घडविली, आणि ती घेतांना आपण काय देऊन बसतों, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो थोडासा करावा, एवढाच आजचा हेतु.

विषयांत शिरण्यापूर्वी शाळेतला एक साधा दृष्टांत घेऊं. वर्गांतील फळा सर्व मुलांना दिसतो, पण खडू एका वेळीं एकाच्याच हातीं असतो. मास्तर एखाद्या मुलाला पुढें बोलावून खडू देतात, आणि त्याचें उदाहरण सुटलें कीं परत घेतात. पाहण्याचा अधिकार सर्वांचा, लिहिण्याचा एकाचा, आणि तोहि मास्तरांनीं ठरविलेल्या वेळेपुरता. दूरच्या पडद्याचा इतिहास पाहिला, तर तो बव्हंशीं या दोन अधिकारांच्या वांटणीचा इतिहास आहे, असें मला वाटतें. हें सूत्र हातीं धरून आपण पुढें जाऊं.

यंत्र एकीकडे आणि तें चालविणारें बोट दुसरीकडे, हा प्रकार आपल्या भागाला संगणकाच्या पुष्कळ आधींपासून ठाऊक आहे. मुळा नदीच्या एका तीरावर दापोडी आणि दुसऱ्या तीरावर खडकी. या खडकीस १९२७ सालीं इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीनें विलायतेशीं बिनतारी संदेशांची ये-जा सुरू केली. संदेश पाठविण्याचें केंद्र खडकीस होतें आणि येणारे संदेश टिपण्याचें केंद्र दौंडास. समुद्रापलीकडचीं जोडकेंद्रें इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्स्बी व स्केग्नेस येथें होतीं. व्यापारी आपला संदेश मुंबईच्या तारकचेरींत देई, तेथून तो जमिनीवरील तारेनें घाट चढून खडकीस येई, आणि खडकीच्या मनोऱ्यांवरून लहरींच्या रूपानें विलायतेस जाई. कळ मुंबईस दाबावी आणि लहर खडकीहून निघावी, असा तो व्यवहार होता.

या कंपनीची पुढील वंशावळ ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९३२ सालीं तिचा व समुद्रतळाच्या तारांचा कारभार एकत्र झाला. १९३३ सालीं मुंबई व लंडन यांच्यामध्यें बिनतारी दूरध्वनि सुरू झाला. १९४७ च्या आरंभीं हा सर्व कारभार सरकारनें आपल्या हातीं घेतला, १९८६ सालीं त्याची विदेश संचार निगम ही कंपनी झाली, आणि याच कंपनीनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं देशांत सामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें. खडकीच्या मनोऱ्यांपासून घरांतील इंटरनेटपर्यंतची वाट अशी एकाच घराण्यांतून आलेली आहे. मधल्या काळांत, १९७१ सालीं, चाकणच्या पुढें नाशिक रस्त्यावर नारायणगांवाजवळ आर्वी येथें उपग्रहाशीं बोलणारें 'विक्रम' हें भूकेंद्र उभें राहिलें. व्यापारी दळणवळणासाठीं देशांत उभारलेलें तें पहिलें उपग्रह-केंद्र. त्याच परिसरांत खोडद येथें पुढें प्रचंड रेडिओ-दुर्बीण झाली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या अनेक मैलांच्या टापूंत पसरलेल्या, आणि त्या सर्व एकाच नियंत्रण-गृहांतून फिरविल्या जातात. दुरून पाहणें व दुरून चालविणें, या दोन्ही विद्या या रस्त्यावर अशा रुजलेल्या होत्या.

आतां संगणकाकडे वळूं. प्रारंभीं संगणक म्हणजे एक अवाढव्य यंत्र. तें एका थंड खोलींत बंद असे, आणि त्याचा वापर करणारीं माणसें बाहेर टंकयंत्रासारख्या साधनांपाशीं बसत. प्रत्येकाला थोडाथोडा वेळ वांटून देण्याची युक्ति १९६० नंतरच्या दशकांत रूढ झाली. दुरून काम करणें तेव्हांहि शक्य होतें. पण तारेवरून जाई तीं केवळ अक्षरें. चित्र, आकृति, खिडक्या यांचें नांव नव्हतें.

९ डिसेंबर १९६८ रोजीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथील एका परिषदेंत डग्लस एंगेलबार्ट या संशोधकानें सुमारें दीड तासाचा एक प्रयोग करून दाखविला. तो सभागृहांत बसला होता. त्याचा संगणक व सहकारी सुमारें तीस मैलांवर मेन्लो पार्क येथें होते. चिंचवडाहून लोणावळा जितकें दूर, तितकेंच हें अंतर. सभागृहांतल्या भव्य पडद्यावर दूरच्या संगणकाचें लिखाण दिसत होतें, कोपऱ्यांत दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा दिसत होता, आणि दोघे एकच मजकूर पाहून त्यावर बोलत होते. माउस नांवाचें हातांत धरावयाचें साधन बहुतेकांनीं त्याच दिवशीं प्रथम पाहिलें. आपल्या सूत्राच्या दृष्टीनें त्या प्रयोगांतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. सहकाऱ्याचा बाणहि पडद्यावर हिंडत होता, त्याला बोट दाखवितां येत होतें. पण काम चालविण्याचा अधिकार एंगेलबार्टच्या हातीं होता. फळा दोघांचा आणि खडू एकाचा, ही वांटणी पहिल्याच दिवशीं झाली.

पुढील पंधरा वर्षांत संगणक लहान व स्वस्त झाले, आणि त्याबरोबर एक नवीच अडचण उभी राहिली. प्रत्येक कारखानदाराचा संगणक निराळा, त्याची आज्ञावली निराळी, त्याचे पडदे रंगविण्याची तऱ्हा निराळी. एका यंत्रासाठीं लिहिलेलें काम दुसऱ्यावर चालेना. अमेरिकेंतील एम्‌. आय्‌. टी. या विद्यापीठांत १९८३ सालीं 'अथेना' नांवाचा प्रकल्प निघाला. निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक विद्यार्थ्यांना एकसारखे वापरतां यावेत, हा त्याचा उद्देश. त्यांतून १९८४ सालीं रॉबर्ट शाइफ्लर व जिम गेटिस यांनीं 'एक्स' ही खिडक्यांची पद्धति काढली, आणि १९८७ सालीं तिची अकरावी आवृत्ति निघाली. तीच पुढें दीर्घकाळ टिकली. या पद्धतींत काम दूरच्या यंत्रावर चाले, आणि "येथें रेघ ओढ, तेथें अक्षर लिही" अशा आज्ञा तारेवरून जवळच्या पडद्याकडे येत. ही मोठीच प्रगति होती. पण तींत दोन उणीवा होत्या. तार तुटली कीं चाललेलें कामहि बहुधा तुटे. शिवाय जवळच्या यंत्राला पुष्कळ शहाणपण लागे. आज्ञा समजून चित्र काढणारा चित्रकारच जणूं प्रत्येक मेजावर बसवावा लागे.

ही गांठ सोडविली ती इंग्लंडांतील केंब्रिज येथील एका लहानशा प्रयोगशाळेनें. तिचें नांव ऑलिव्हेट्टी संशोधनशाळा. पुढें तिच्यांत ओरॅकल कंपनी भागीदार झाली. अँडी हॉपर हे तिचे प्रमुख. तेथील मंडळींच्या कल्पकतेची एक गंमतीची कथा आहे. कॉफीचें भांडें एका खोलींत आणि संशोधक इमारतभर विखुरलेले. जिने चढून जावें तों भांडें रिकामें. म्हणून १९९१ सालीं क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर व पॉल यार्डेट्झ्की यांनीं विद्यापीठाच्या संगणकशाळेंत त्या भांड्यासमोर कॅमेरा लावून त्याचें चित्र प्रत्येकाच्या पडद्यावर आणलें. १९९३ सालीं तें चित्र इंटरनेटवर गेलें, आणि २००१ सालीं कॅमेरा बंद होईपर्यंत जगांतील असंख्य लोकांनीं केंब्रिजची कॉफी उगाचच न्याहाळली. दुरून पाहण्याची हौस माणसाला किती आहे, याचा याहून बोलका पुरावा नको.

त्याच स्टॅफर्ड-फ्रेझरनें ट्रिस्टन रिचर्डसन, केनेथ वुड व हॉपर यांच्या समवेत १९९८ सालीं एका नव्या पद्धतीचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिला 'व्ही. एन्‌. सी.' म्हणतात. या पद्धतीचें मर्म इतकें साधें आहे कीं तें शाळकरी मुलालाहि समजावें. पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची चौकट. दूरच्या यंत्रानें फक्त एवढेंच कळवावें कीं, अमुक ठिकाणीं, अमुक लांबी-रुंदीचा, अमुक ठिपक्यांचा चौकोन ठेव. पाहणाऱ्या यंत्रानें तो ठेवावा, आणि उलट दिशेनें माउस कोठें हलला व कोणती कळ दाबली एवढें कळवावें. दूरचा संगणक कोणत्या कंपनीचा, त्यावर कोणती आज्ञावली, याच्याशीं पाहणाऱ्याला कर्तव्य नाहीं. चौकोन ठेवतां आला कीं झालें. पाहणारी आज्ञावली एका फ्लॉपींत मावे. तार तुटली तरी काम दूरच्या यंत्रावर जसेंच्या तसें राही. दुसऱ्या गांवीं, दुसऱ्याच जातीच्या संगणकासमोर बसावें, आणि वाक्य जेथें अर्धें सोडलें होतें तेथूनच पुढें लिहावें.

भिन्न जातींच्या यंत्रांना एकत्र नांदविण्याचा हा उपाय विचार करण्याजोगा आहे. परस्परांना समजून घेण्याचा मोठा खटाटोप करण्याऐवजीं, दोघांकडूनहि अगदीं थोडी अपेक्षा ठेवावी, म्हणजे करार टिकतो. आठवड्याच्या बाजारांत एकमेकांची भाषा न येणारे दोन व्यापारी बोटांच्या खुणांनीं सौदा पुरा करतात, त्यांतलाच हा प्रकार.

परंतु साधेपणाचीहि किंमत असते. १९९५ सालीं इंटरनेट आपल्या चार महानगरांत प्रथम आलें, तेव्हां दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट जात. आतां त्रैराशिक मांडूं. पडदा ६४० आडव्या व ४८० उभ्या ठिपक्यांचा धरला, तर एकूण ठिपके ३,०७,२००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ८ बिट लागले, तर सारे बिट २४,५७,६००. त्यांना ९,६०० नीं भागलें कीं २५६ सेकंद, म्हणजे एका पडद्याला सवाचार मिनिटें! म्हणून केंब्रिजच्या मंडळींनीं जेवढा भाग बदलला तेवढ्याच भागाचे चौकोन पाठविण्याची, आणि खिडकी नुसती सरकली असेल तर "हा चौकोन येथून उचलून तेथें ठेव" एवढेंच सांगण्याची युक्ति योजिली. ज्या तारेवर सारें चित्र मावत नाहीं, तिच्यावर चित्रांतील बदल मावतो.

याच वेळीं दुसरा एक प्रवाह अमेरिकेंत वाहत होता. १९८९ सालीं एड आयाकोबुची यांनीं सिट्रिक्स ही कंपनी काढली. विंडोज आज्ञावली असलेल्या एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनीं आपआपलें काम दुरून करावें, ही तिची कल्पना. १९९७ सालीं मायक्रोसॉफ्टनें तिची विद्या आपल्याकडे घेतली, आणि १९९८ सालीं 'टर्मिनल सर्व्हर' बाजारांत आणला. त्याच्या भाषेला आर. डी. पी. म्हणतात. दोन प्रवाहांतील फरक पुणेकरांना वाड्याच्या दाखल्यानें चटकन कळेल. टर्मिनल सर्व्हर म्हणजे एका वाड्यांतील अनेक बिऱ्हाडें : छप्पर एक, पण प्रत्येकाचें दार निराळें, आणि शेजारच्या घरांत काय शिजतें तें दिसत नाहीं. व्ही. एन्‌. सी. म्हणजे वाड्याची ओसरी : बसणारे अनेक, आणि सर्वांना दिसणारें दृश्य एकच.

ओसरीवर दुसरा पाहुणा आला, तर पहिल्याचें काय करावें? व्ही. एन्‌. सी. च्या करारांत याला एक चिमुकलें कलम आहे. जोडणी होतांना पाहणारें यंत्र एकच खूण पाठवितें. ती शून्य नसेल, तर आधींचे पाहुणे बसून राहतात व सारे मिळून पाहतात. शून्य असेल, तर आधींच्यांना उठावें लागतें. 'वांटून घेणें' या मोठ्या शब्दाचा सारा आशय त्या एका खुणेंत भरलेला आहे.

विंडोजनेंहि हा भेद २००१ सालच्या 'एक्स-पी' आवृत्तींत स्पष्ट केला. तींत दोन निरनिराळ्या सोयी होत्या. एकींत मालक स्वतः दुरून आपलें यंत्र चालवी, आणि तेव्हां यंत्रासमोरचा पडदा कुलूपबंद होई. दुसरी होती साहाय्याची : अडचणींतल्या माणसानें जाणत्याला निमंत्रण धाडावें, जाणत्यानें आधीं केवळ पाहावें, हात घालावयाचा तर निराळी परवानगी मागावी, आणि मालकानें एस्केपची कळ दाबतांच हात काढून घ्यावा. लिनक्सच्या बाजूला केडीई या मुक्त प्रकल्पाच्या २००३ सालच्या आवृत्तींतहि पडदा दाखविण्याचें निमंत्रण ठराविक वेळेपुरतेंच चाले. वेळ सरली कीं तें बाद. त्याच प्रकल्पाच्या पाहणाऱ्या साधनाला दोन्ही भाषा येऊं लागल्या : व्ही. एन्‌. सी. चीहि आणि आर. डी. पी. चीहि. अशा रीतीनें लिनक्सच्या मेजावरून विंडोजचा पडदा, आणि विंडोजच्या मेजावरून लिनक्सचा पडदा दिसूं लागला, आणि मिश्र जाळ्यांतील भिंती पुष्कळशा उतरल्या.

आपल्या पट्ट्याला या मिश्र जाळ्याची गरज कां पडली, हें समजण्यास त्याची घडण पाहावी लागते. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढील दशकांत मोटारींचे, स्कूटरींचे व यंत्रांचे कारखाने आले. गांवांची १९७० सालीं नगरपालिका आणि १९८२ सालीं महानगरपालिका झाली. इकडे पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक संस्था निघाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तिनें 'परम' हा महासंगणक तयार केला. २००७ सालीं पुण्याच्या 'एका' या महासंगणकानें जगाच्या यादींत चौथा क्रमांक मिळविला. असलीं यंत्रें हजारों मेजांवर ठेवतां येत नाहींत. तीं एका जागीं राहतात, आणि त्यांचे उपयोगकर्ते दुरून येतात. २००९ सालीं फोक्सवागेनचा कारखाना चाकणला सुरू झाला, आणि मर्सिडीज-बेंझचें कामहि त्याच सुमारास पिंपरींतून चाकणला गेलें. जेथें मोटारीची आकृति एका खंडांत निघते आणि मोटार दुसऱ्या खंडांत घडते, तेथें पडदे दूरचेच असावयाचे.

अशा कारखान्याच्या आंत डोकावलें तर संगणकांची जणूं एक धर्मशाळाच दिसते. हिशेबनिसाच्या मेजावर विंडोज, मोठ्या सर्व्हरवर लिनक्स, आकृति काढणाऱ्याकडे शक्तिमान निराळें यंत्र, आणि कांतकामाच्या यंत्राला जोडलेला एखादा वीस वर्षांचा जुना संगणक. तो जुना संगणक बदलावा, तर लाखों रुपयांचें यंत्रच बंद पडावयाचें. म्हणून तो तसाच राहतो. रात्रपाळींत तें यंत्र अडलें, तर पूर्वीं जाणत्याला झोपेंतून उठवून रेल्वेनें किंवा विमानानें आणावें लागे. आतां तो आपल्या गांवीं बसून त्या यंत्राचा पडदा पाहतो, इकडचा कामगार त्याला आवाज ऐकवितो, पेंच दाखवितो, आणि दोघे मिळून दोष शोधतात. यांत कामगाराचें ज्ञानहि वाढतें. जाणता काय करतो तें त्याच्या डोळ्यांसमोर घडतें, आणि पुढच्या खेपेस तो स्वतःच करतो. उत्तम मास्तर फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवितो तें याचसाठीं.

२४ मार्च २०२० च्या रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली, आणि या सोयीची खरी कसोटी लागली. यंत्रशाळा बंद पडल्या. पण आकृति, हिशेब, मागण्या, पगार हीं कामें घरोघरच्या मेजांवरून चालूं लागलीं. दूरध्वनीवरून सेवा देणाऱ्या कंपन्यांवर तोंपर्यंत सरकारी नोंदणीचीं व घरून काम करण्याबाबतचीं कडक बंधनें होतीं. तीं प्रथम तात्पुरतीं सैल झालीं, आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या नियमांनीं बहुतेक उठलीं. कचेरी ही एक इमारत असते, ही समजूत त्या वर्षीं मोडली.

येथवरची कथा मुख्यतः लाभाची झाली. पण इतिहास सांगणाऱ्यानें दुसरी बाजू झांकूं नये. वर घेतलेला फळ्याचा दृष्टांत येथें अपुरा पडतो, आणि कोठें अपुरा पडतो तें पाहणें अगत्याचें आहे. फळा मुळांतच सर्वांच्या डोळ्यांसाठीं टांगलेला असतो. घरांतला किंवा हातांतला पडदा तसा नाहीं. त्यावर आपलीं पत्रें आहेत, औषधांच्या चिठ्ठ्या आहेत, बँकेची शिल्लक आहे. तेथें नुसतें पाहणें हाहि मोठा अधिकार ठरतो.

याचा कटु अनुभव पुष्कळ कुटुंबांना आला आहे. कोणी तरी बँकेचा किंवा वीज-कंपनीचा अधिकारी म्हणून दूरध्वनि करतो, गोड बोलून मोबाइलवर पडदा दाखविणारें एखादें साधन घ्यावयास सांगतो, आणि तेथें उमटलेला आंकडा विचारून घेतो. तो आंकडा म्हणजे आपल्या घराची किल्लीच असते. मग बँकेचा गुप्त आंकडा पडद्यावर येतांच तो त्यालाहि दिसतो, आणि खातें रिकामें होतें. या साधनांत मूळचा दोष नसतो. कारखान्यांतील जाणता जें साधन वापरतो, तेंच चोरहि वापरतो. रिझर्व्ह बँकेनें २०१९ च्या फेब्रुवारींतच अशा फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलें होतें. त्याच वर्षीं मे महिन्यांत आर. डी. पी. च्या जुन्या आवृत्त्यांत एक गंभीर छिद्र सांपडलें. दार ठोठावल्याशिवाय, परवलीचा शब्द न देतां, परक्याला आंत शिरतां येईल असें तें होतें. मायक्रोसॉफ्टनें ज्या एक-एस्‌-पीला नव्हे, तर एक्स-पी आवृत्तीला २०१४ सालींच निरोप दिला होता, तिच्यासाठींहि त्या वेळीं दुरुस्ती धाडली. कारण जगांतील यंत्रशाळांतून ते जुने संगणक अजून चालूच होते.

दुसरा प्रश्न नोकरीचा आहे. दूरचा पडदा जसा मदतीला येतो, तसा पहाऱ्यालाहि येतो. केंब्रिजच्या त्याच ऑलिव्हेट्टी शाळेंत एक बिल्ला तयार झाला होता. तो अंगावर लावून माणूस ज्या खोलींत जाई, तेथें त्याचा पडदा त्याच्यामागून येई. सोय अपूर्व, पण माणूस कोठें आहे हेंहि त्या बिल्ल्यानेंच कळे. आज घरून काम करणाऱ्या कित्येक तरुणांचा पडदा ठराविक वेळानें टिपला जातो. मालकाला आपल्या यंत्राचें रक्षण करण्याचा हक्क आहे, हें कोणीहि मान्य करील. परंतु कोण पाहतो, केव्हां पाहतो, टिपलेलें चित्र किती दिवस ठेवतो, हें पाहिल्या जाणाऱ्याला ठाऊक असावें, ही अपेक्षाहि तितकीच न्याय्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें २०१७ सालच्या ऑगस्टांत खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. कायद्यानें पाया घातला. त्यावरची रोजची वागणूक कारखान्यांनीं, कचेऱ्यांनीं व घरांनीं बसवावयाची आहे.

आपल्या जुन्या दफ्तरांत याचा एक फार सुंदर आदर्श आहे. शिवकालापासून राजपत्राच्या अखेरीस मर्यादेचा शिक्का उमटवीत. पेशवाईंतील पत्रांवर तेथें 'लेखनसीमा' असे. मजकूर येथें संपला, याच्यापुढें कोणीं अक्षर घालूं नये, असा त्याचा अर्थ. पत्र वाचणारे अनेक असत, वाटेंत नेणारे अनेक असत. पण लिहिण्याची हद्द लिहिणाऱ्यानें स्वतः आंखलेली असे. केंब्रिजच्या मंडळींनीं एका खुणेंत, विंडोजनें एस्केपच्या कळेंत, आणि केडीईनें निमंत्रणाच्या मुदतींत जें घातलें, तें आमच्या चिटणिसांना निराळ्या रूपानें ठाऊक होतें.

म्हणून घरांतील वडील माणसांना आणि नव्यानें कामाला लागलेल्या मुलामुलींना माझें एवढेंच सांगणें आहे. पडदा कोणालाहि दाखविण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. पाहणारा कोण, आणि त्याला मीं बोलाविलें कीं तो आपण होऊन आला? त्याला सारा पडदा हवा कीं एकच खिडकी? त्याला केवळ पाहावयाचें आहे कीं हातहि घालावयाचा आहे? आणि मला हवें तेव्हां हें थांबवितां येईल ना? चारहि प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, तर निःशंक मनानें पडदा उघडावा. चाकणच्या रात्रपाळींतील अडलेलें यंत्र याच मार्गानें सुरू होतें, आणि परगांवचा नातू याच मार्गानें आजोबांच्या मदतीला येतो. एकाहि प्रश्नाचें उत्तर मिळालें नाहीं, तर दूरध्वनि खालीं ठेवावा, आणि खडू आपल्याच हातीं ठेवावा.